मागच्या सीटवरचं काम

शनिवारी दुपारी अभय गायकवाडांची गाडी पावणे गावाहून दुरुस्त होऊन जुईनगरला परत आली, तेव्हा तिचं ढुंगण हवेत होतं. पलंगाखाली गेलेली चप्पल शोधायला माणूस वाकतो, तशी ती पुढून खाली आणि मागून वर होती. सोसायटीच्या वॉचमनने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि तो आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. गाडी सोळा वर्षांची होती. तिच्या बाबतीत त्याने आजवर बरंच काही पाहिलं होतं.

राजश्रीने गॅलरीतून विचारलं, "ही अशीच राहणार, की खाली येणार?"

"नवीन स्प्रिंग आहे. बसेल हळूहळू," अभय म्हणाला.

बसणार नाही, हे त्याला वाटेतच कळलं होतं. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचा मागचा भाग उडत होता. अभयचं डोकं दोनदा छताला लागलं होतं आणि डब्यातली उरलेली मटकीची उसळ मागच्या सीटवर सगळीकडे पोचली होती. एरवी त्याने हे हसण्यावारी नेलं असतं. पण उद्या आईला उरणजवळच्या मोऱ्याला न्यायचं होतं, आणि आईच्या कंबरेला पट्टा होता.

अभयची आई चांगुणाबाई लग्न होऊन आली ती मोऱ्याला. तिथे तिच्या भिंतीला भिंत लागून शेवंताबाई कोळणीचं घर. बत्तीस वर्षं दोघींनी एकमेकींच्या चुली फुंकल्या, पोरं सांभाळली आणि भांडणंही मनापासून केली. मग अभयने जुईनगरला फ्लॅट घेतला. त्याला अकरा वर्षं झाली. चांगुणाबाई वर्षातून दोनदा मोऱ्याला जायची, पण शेवंताबाई एकदाही जुईनगरला आली नव्हती. नव्या घरात बुद्धवंदनेला बोलावलं, तर म्हणाली, वंदनेला शंभर माणसं असतील, माझं काय काम? वाढदिवसाला बोलावलं, तेव्हाही तेच. जन्मभर डोक्यावर माशांची पाटी घेऊन फिरलेली बाई. कामाशिवाय कोणाच्या दारात जायचं असतं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. आता पाटी सुनेने घेतली होती, तरी शेवंताबाईचा नियम मोडत नव्हता.

आणि परवाच डॉक्टरांनी चांगुणाबाईला सांगितलं होतं की, रविवारी जाऊन या, पण यापुढे लांबचा प्रवास बंद. म्हणजे ती जाऊ शकणार नाही आणि शेवंताबाई येणार नाही. घरी येऊन चांगुणाबाईने राजश्रीला दोनदा विचारलं की, आपल्या घरात एखादं मोठं काम निघण्यासारखं आहे का.

आता गाडीचं असं का झालं, तेही सांगायला हवं, कारण त्यात अभयचा दोष निम्मा होता.

अभय पावण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. तिथे हातमोज्यांचे दहा जोड हवे असले की मागणीपत्रावर वीस लिहायचे, कारण वरचे साहेब डोळे मिटून निम्मे कापत. एकोणीस वर्षांत ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की, घरी चहा अर्धा कप हवा असला तरी तो एक कप मागायचा. गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बसल्या, तेव्हा तो कारखान्याचे टेम्पो जिथे जातात त्या पंढरीशेठच्या गॅरेजात गेला. पंढरीशेठ मूळचे पावणे गावातले. त्यांची शेती कारखान्यांखाली गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी गॅरेज टाकलं. टेम्पो सोडून दुसऱ्या गाडीला त्यांनी फारसा हात लावलेला नव्हता.

"गाडीन किती मानसं बसतान? मागं वजन किती?" पंढरीशेठनी विचारलं.

बसायची तीन, त्यातली एक बेचाळीस किलोची. पण अभयच्या तोंडून सवयीने निघालं, "आठ माणसं. आणि वर शंभर किलो."

तिकडे पंढरीशेठचीही एक सवय होती. टेम्पोवाले एक टन सांगतात आणि दोन टन भरतात, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. त्यामुळे गिऱ्हाईक सांगेल त्याच्या दुप्पट धरायचं, हा त्यांचा हिशोब. आठाचे सोळा झाले आणि त्यांनी एका जुन्या टेम्पोच्या जाडजूड स्प्रिंगा कापून या बिचाऱ्या गाडीला बसवून दिल्या. कापल्यामुळे त्या आखूड झाल्या होत्या आणि वर वजन नसलं की आपल्या जागेत सैल राहत होत्या. पण हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

अभयने फोन केला, तेव्हा पंढरीशेठ शांतपणे म्हणाले की मागे वजन टाका, लोण्यावानी चालेल. रविवारी गॅरेज बंद होतं. दुसरा इलाज नव्हता.

वजनाचं काम राजश्रीने हातात घेतलं. वजन कमी करण्यासाठी तिने आणलेला काटा बाथरूमबाहेर पडून होता, त्याला पहिल्यांदाच उपयोग सापडला. कुंड्या मोजून झाल्या, पण त्या कलंडतील म्हणून बाद झाल्या. शेवटी गावाहून नुकताच आलेला वर्षाचा तांदूळ, चाळीस-चाळीस किलोची दोन पोती, खाली उतरवली. एक डिकीत गेलं, एक मागच्या सीटवर राजश्रीच्या शेजारी. गाडी खाली बसली. तिने चक्क सरळ उभं राहून दाखवलं.

आणि पंढरीशेठ खोटं बोलले नव्हते. उलव्यापासून जासईपर्यंत गाडी अशी गेली की पुढच्या सीटवर चांगुणाबाईला डुलकी लागली. कंटेनरच्या रांगेत अडकल्यावर अभयने मागे वळून विजयी चेहऱ्याने पाहिलं. राजश्री पोत्यावर हात ठेवून बसली होती. "हे वर्षभर घेऊन फिरायचं का?" एवढंच तिने विचारलं.

मोऱ्याला शेवंताबाई दारातच उभी होती. उंच, अंगापिंडाने भरलेली, कपाळावर मोठं कुंकू. दोघी मैत्रिणींनी एकमेकींना धरलं आणि बराच वेळ कोणी कोणाला सोडलं नाही. मग शेवंताबाईची नजर गाडीत गेली.

"काय गो चांगुना, ह्या गोनी कसल्या?"

आता इथे खरं सांगता आलं असतं. पण मैत्रिणीच्या दारात गाडीभर तांदूळ घेऊन यायचा आणि तो परत न्यायचा, हे चांगुणाबाईला जमण्यासारखं नव्हतं.

"तुझ्यासाठीच आनलाय. गावचा हाय," ती म्हणाली.

राजश्रीचा आ वासला तो तसाच राहिला. शेजारच्या दोघा जणांनी बघता बघता पोती उचलून घरात नेली. वर्षाचा तांदूळ कोळ्याच्या ओटीवर जाऊन टेकला. राजश्रीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने समुद्राकडे पाहिलं.

जेवण झकास झालं. सुरमई, कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. निघायच्या वेळी चांगुणाबाईने आपलं नेहमीचं आमंत्रण दिलं, या वेळी जरा दबक्या आवाजात. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. शेवंताबाईचा चेहरा उतरला. तिने पदराने डोळे पुसले, पण उत्तर तेच दिलं. "येन गो. काय काम निंगालं तं सांग, येन."

गाडीने पुन्हा ढुंगण वर केलं होतं. अभयने अगदी गोगलगाईच्या गतीने ती हाकली. जेट्टीच्या वळणावर एक स्पीडब्रेकर होता. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि 'टण्ण' असा आवाज होऊन गाडी उजवीकडे मागून खाली बसली. पाठोपाठ एक काळीभोर स्प्रिंग गाडीखालून निघाली, उतारावरून घरंगळत गेली आणि वाळत घातलेल्या बोंबलांच्या मांडवाखाली जाऊन थांबली.

अभय तिच्यामागे धावला. चांगुणाबाईला काही झालं नव्हतं. गाडी उभीच असल्यासारखी चालत होती. तिने काच खाली केली आणि शांतपणे बाहेर बघत राहिली. तिच्या मते हे काही इतकं वाईट झालं नव्हतं.

दहा मिनिटांत निम्मा मोरा जमला. अभयने स्प्रिंग बगलेत धरून पंढरीशेठना फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला.

"मागं वजन हाय काय?" पंढरीशेठनी विचारलं.

"होतं. आता नाही."

"मंग निंगनारच. आठ मानसं तुमीच बोल्लेले. परत बसवा, दोरीनं बांधा आनि घरापरयंत मागं वजन ठेवा. उद्या आना."

बसवायचं काम चटकन झालं. चांगुणाबाईला उतरवून सहा जणांनी गाडी मागून उचलून धरली, एकाने स्प्रिंग जागेवर सरकवली आणि जाळ्याच्या नायलॉनच्या दोरीने अशी बांधली की होडीसुद्धा हलली नसती. प्रश्न वजनाचा होता. राजश्रीचे डोळे शेवंताबाईच्या घराकडे लागले. ती काही बोलणार, तेवढ्यात चांगुणाबाईने तिच्या हातावर हात ठेवला. दिलेला तांदूळ परत मागायचा नव्हता.

शेवंताबाई कमरेवर हात ठेवून हे सगळं ऐकत होती.

"किती वजन होवं?"

"ऐंशी किलो तरी, मावशी," अभय म्हणाला. आणि या वेळी, जन्मात पहिल्यांदा, त्याने आकडा वाढवून सांगितला नव्हता.

शेवंताबाईने क्षणभर स्वतःकडे पाहिलं. मग चांगुणाबाईकडे पाहिलं. चांगुणाबाई गाडीच्या टपाकडे बघत होती.

"मागं बसून करायचं काय?"

"काही नाही. नुसतं बसायचं. उजव्या बाजूला."

"नुस्तं बसायचं हेच काम?"

"हेच काम, मावशी. तुमच्याशिवाय गाडी जात नाही."

शेवंताबाई वळून घरात गेली. पाच मिनिटांनी आली ती नवं लुगडं नेसून, हातात सुक्या बोंबलांची पिशवी आणि सुनेला दिलेल्या सूचना अजून चालूच. मागच्या सीटवर उजवीकडे ती अशी ताठ बसली की जणू तिची नेमणूक झाली होती. जासईला राजश्रीने पाठीला उशी देऊ केली, ती तिने नाकारली. टेकलं तर वजन सरकेल, म्हणाली. प्रत्येक सिग्नलला तिचा एकच प्रश्न, "बराबर हाय ना?" अभयने प्रत्येक वेळी बरोबर आहे म्हणून सांगितलं. चांगुणाबाई पुढे बसून सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत हसत होती. अकरा वर्षांनी शेवंताबाई तिच्या घरी चहा पिणार होती.

सोमवारी गाडी पावण्याला न्यायची, तर वजन लागणारच. शेवंताबाई सकाळी सातला तयार होती. गॅरेजात पंढरीशेठ गाडीखाली गेले आणि बाहेर येऊन म्हणाले की चूक माझीच आहे, गाडीच्या मूळ मापाच्या स्प्रिंगा मागवतो. तोवर त्यांची बायको पुतळाबाई चहा घेऊन आली. शेवंताबाईचं आणि त्या दोघांचं असं जुळलं की उरणपासून पावण्यापर्यंतची तीन नाती अर्ध्या तासात निघाली. अभय कारखान्यात उशिराचा अर्ज देऊन परत आला, तेव्हा पंढरीशेठनी सांगितलं, "गुरुवारी येतील स्प्रिंगा."

म्हणजे गुरुवारपर्यंत शेवंताबाईला सुट्टी नाही. अर्धवट काम टाकून जाणाऱ्यांतली ती नव्हतीच. राजश्री भाजीला निघाली की शेवंताबाई आधी गाडीत. उरलेल्या वेळात ती आणि चांगुणाबाई गॅलरीत बसून मोऱ्यातल्या सगळ्या हयात आणि गेलेल्या माणसांचा समाचार घेत. घरात बोंबलांचा वास भरला आणि तिसऱ्या मजल्यावरून एक तक्रार आली. राजश्रीने ती ऐकून घेतली, आणि दुपारी तक्रार करणाऱ्या बाईंकडेच बोंबलाच्या चटणीची वाटी पाठवली. सासूबाईंनी मंगळवारपासून कंबरेचं नाव काढलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तांदळाचाही विषय तिने पुन्हा काढला नाही.

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. स्क्रीनवर पंढरीशेठचं नाव होतं. गॅलरीतल्या गप्पा एकदम थांबल्या. चांगुणाबाई पट्टा सावरत आत आली, तिने अभयला आतल्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"गाडी इतक्यात नीट करू नको," ती हळूच म्हणाली. आणि मग तिचे डोळे भरून आले. "नीट झाली की ती जाईल रे."

अभयने आईकडे पाहिलं. मग फोन कानाला लावला आणि खाकरला. पंधरा दिवस मिळाले तरी पुष्कळ होते. म्हणजे मागायला हवा होता महिना.

"पंढरीशेठ, जरा अडचण आहे. एक महिना थांबता येईल का?"

पलीकडे पंढरीशेठ हसायला लागले.

"स्प्रिंगा त सोमवारीच, तुमी कारखान्यान गेलेले तवाच माझ्याकरं आल्या, साहेब. मावशीच बोलली, गुरुवारपरयंत काय सांगू नको. आज मावशीला इचारायला फोन केला, अजून थांबू का म्हून. तुमी महिना बोलता, नाय का? मंग मी दोन धरतो."

मागितलेला आकडा कापला गेला नाही, उलट वाढून आला, आणि अभयने तो तसाच घेतला. तो बाहेर आला आणि स्प्रिंगा बाजारात मिळत नाहीत, दोन महिने लागतील, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. राजश्रीने पोळपाट पुसता पुसता मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते.

शेवंताबाईने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. बोंबलाचं डोकं मोडून तिने ते कागदावर ठेवलं.

"आता काम हाय तं र्‍हावंच लागंल," ती म्हणाली. "चांगुना, मीठ कुठं ठेवतेस?"