वाराच्या रकान्याची मोहीम

साहेबी हुकूम जाहला की, घरगुती खेळाच्या दौलतीवर जो प्रसंग गुदरला त्याची हकिकत लिहिणे. ऐसियास जैसे घडले तैसे, मीठमसाला बेताचा घालून, लिहिले आहे.

धाकट्या बाईसाहेबांनी स्वबुद्धीने फाशांचा एक खेळ निर्माण केला, त्यात राक्षस, किल्ले ऐसा थोर सरंजाम मांडिला, आणि चष्मेवाली व उंचाडी या दोघी मैत्रिणी वीर होऊन दर रविवारी सतरंजीवर डेरेदाखल होऊ लागल्या. परंतु वीरांचे प्राण कागदावर लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे, ऐसे करिता कागदास भोके पडली आणि उंचाडीचा वीर मेला की जिवंत हे कोणासच वाचता येईना. मग उंचाडीने निर्वाणीचे सांगितले की, येत्या रविवारी वीरांचे पत्रक फोनवर न आले, तर दुकानातला तयार खेळ आणून तोच खेळू.

मग बाईसाहेबांनी मावसताईंस, ज्या संगणकावर लोकांची कामे करून देत, अर्जी गुदरली, आणि ताईंनी फर्माविले की, रकान्यांची नावे धाडणे, मागाहून कुरकुर न करणे. बाईसाहेबांनी तत्काळ नाव, बळ, प्राण, वार ऐसे लिहून धाडिले. आणि वार म्हणजे तलवारीचा, हेही सांगावे लागते, ऐसे त्यांचे स्वप्नीही आले नाही.

रविवारी पत्रक दाखल जाहले, राक्षस चालून आला, चष्मेवालीने वाराचा रकाना दाबिला, तो आतून सोमवार, मंगळवार ऐसे सातही वार रांगेने उभे राहिले.

"अगं, मी याला गुरुवार मारू का?" चष्मेवालीने पुसले.

बाईसाहेबांनी ताईंस फोन लाविला. ताई म्हणाल्या, "वार म्हणजे वार. तुमच्यात मारामारी आहे हे मला काय माहीत? संध्याकाळी बघते, आत्ता केस धुतेय."

कुमक येत नाही ऐसे पाहून उंचाडी चपला शोधू लागली. मग बाईसाहेबांनी स्वयंपाकघरात जाऊन घोटभर पाणी प्राशन केले, मनाशी मसलत केली, आणि बाहेर येऊन फर्मान सोडिले की, आजपासून फासा सांगेल तो वार हाणावा. एक पडल्यास सोमवार, तो सर्वांत मिळमिळीत, कारण त्या दिवशी कोणासच उठवत नाही. सहा पडल्यास शनिवार, तो दणदणीत. आणि लागोपाठ दोन सहा पडल्यास रविवार, तो बसता राक्षस भांडण सोडून निजतो.

उंचाडी एका पायात चप्पल घालून थबकली. "आणि शुक्रवार?"

"जोरात बसतो, पण उशिरा."

मग ती चप्पल काढून परतली, आणि तुंबळ युद्ध जाहले, आणि राक्षसाने तीन मंगळवार खाल्ले, शुक्रवार चुकविला, आणि अखेर उंचाडीच्या रविवारात सापडून घोरू लागला.

केस वाळवून ताईंनी पुसले की, रकाना दुरुस्त करू काय. बाईसाहेबांनी जवाब धाडिला, "हात लावून तर बघ."

येणेप्रमाणे बाईसाहेबांची फत्ते जाहली, दुकानातला खेळ दुकानातच राहिला, आणि उंचाडीने पुढील रविवारी येण्याचे आपण होऊन कबूल केले, हे दफ्तरी दाखल असे.