लखूजी अस्वलाच्या पिकअपचा डावा दिवा

एका जंगलात, बालमित्रांनो, लखूजी नावाचं अस्वल राहायचं आणि त्याच्याकडे एक जुनी पिकअप होती. किती जुनी? तर तिचा मूळ रंग कोणता यावर जंगलात दोन मतं होती, आणि दोन्ही मतांची मंडळी आता हयात नव्हती.

लखूजी त्या गाडीतून बाजाराला मध न्यायचा. गाडी चालली की घर चालायचं. गाडी बंद पडली की त्याची बायको पारूबाई त्याला मुळं उकरायला पाठवायची. ते त्याला कमीपणाचं वाटे. ज्याच्याकडे चार चाकं असतात त्याला स्वतःच्या चार पायांची लाज वाटते. तुम्ही मोठे झालात की कळेल.

एके सकाळी नाक्यावर शेपटे हवालदारांनी गाडी अडवली. हे हवालदार म्हणजे वानर. त्यांनी सांगितलं की ब्रेक दाबला तरी मागचा डावा दिवा लागत नाही. परवाच्या बाजारापर्यंत लागला नाही तर गाडी जप्त.

लखूजी तडक बाबू मिस्त्रीकडे गेला. हा मिस्त्री तरस होता. तो हसत हसतच गाडी बघायचा, त्यामुळे दुखणं किरकोळ आहे असं गिऱ्हाइकाला वाटायचं. त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर काढून सांगितलं, की ही गाडी करणाऱ्याने आधी दिवा केला आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधली. बल्बपर्यंत पोचायचं तर मागचा अख्खा हौदा उतरवावा लागेल. बोल्ट गंजलेत, ते तुटणार. पंधरा दिवस तरी धरून चाला.

"आणि नुसता हात घातला तर?" लखूजीने विचारलं.

"हात जाईल," मिस्त्री म्हणाला. "परत येईल की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

लखूजीने घरी येऊन स्टेपनी काढली, पाठीवर सरपटत गाडीखाली गेला आणि सायलेन्सरच्या वरच्या फटीत पंजा सारला. कोपरापर्यंत गेला. खांद्यापर्यंत गेला. बोटांना बल्ब लागला. लखूजीला फार आनंद झाला. आनंदाने पंजा फुगला असावा, कारण तो तिथेच अडकला.

दुपारपर्यंत लखूजी गाडीखाली होता. पारूबाईने तेल ओतलं, पाय धरून ओढलं. शेजारी जमले. रानडुकराने सुचवलं की गाडी सुरू करून जरा पुढे घ्यावी. रानडुक्कर पूर्वी पंचायतीत होतं. मग सगळ्यांनी गाडीखालच्या लखूजीसोबत फोटो काढले आणि जेवायला गेले.

तेवढ्यात आतून कोणीतरी पंजाला कडकडून चावलं. पंजा झटक्यात बाहेर आला. केस आतच राहिले. पाठोपाठ एक चिचुंद्री बाहेर आली.

"दुसऱ्याच्या घरात हात घालायची ही कुठली रीत?" तिने विचारलं.

तिचं नाव ठमाबाई. तिने दिव्याच्या मागे संसार थाटला होता. जागा कोरडी, मांजराचा हात पोचत नाही, पदरात पाच पिल्लं. आता चिचुंद्र्या रात्री हिंडतात आणि दिवसा झोपतात. लखूजीने ब्रेक दाबला की घरात लालभडक उजेड व्हायचा. घाटात सत्तावीस वळणं. पोरं सत्तावीस वेळा रडत उठायची. म्हणून तिने बल्ब सैल करून ठेवला होता. बल्ब गेलेला नव्हताच.

लखूजी भडकला. आत्ताच्या आत्ता धूर करून सगळ्यांना हुसकावतो म्हणाला. पारूबाईने वाकून आत पाहिलं. पाच पिल्लं एकामागे एक, पुढच्याला मागच्याने तोंडात धरलेलं.

"ही कुठे जाणार नाहीत," पारूबाई म्हणाली.

लखूजीला हवालदाराची भीती होती. पण पारूबाईला भिण्याचा त्याला जास्त सराव होता. शेवटी असं ठरलं, की नाका आला की लखूजीने दोनदा हॉर्न वाजवायचा, ठमाबाईने बल्ब घट्ट करायचा, आणि नाका गेला की पुन्हा सैल.

बाजाराच्या दिवशी तसंच झालं. दिवा टोमॅटोसारखा लागला. शेपटे हवालदारांनी पळसाच्या पानावर लिहून दिलं, 'डावा दिवा उत्तम लागतो. समक्ष पाहिला.' खाली सही, वर शिक्का.

मग केळी घ्यायला तेही जीप काढून बाजाराला निघाले, लखूजीच्या मागोमाग. दिवा स्वतः तपासलेला, मग अंतर ठेवायचं कशाला? पाचव्या वळणावर एक कासव रस्ता ओलांडत होतं. लखूजीने ब्रेक दाबला. दिवा लागला नाही. जीपचं नाक हौद्यात घुसलं आणि मधाचा डबा हवालदारांच्या डोक्यावर उपडा झाला.

लखूजीने हवालदारांकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी तो गाडीखाली शिरला. एक, दोन, तीन, चार. पाचवं आईच्या पोटाखाली सापडलं. सगळी रडत होती, म्हणजे सगळी ठीक होती. तो तिथेच जरा वेळ पडून राहिला. मग बाहेर येऊन त्याने हात जोडले.

"साहेब, चूक माझी. दिवा लागला नाही."

"लागला," हवालदार मध चाटत म्हणाले.

"नाही लागला, साहेब. बल्ब सैल होता."

हवालदारांनी लखूजीकडून पान मागून घेतलं आणि त्याच्या नाकापुढे धरलं. "ही सही कोणाची?"

"आपली."

"मग लागला होता."

लखूजीने ठमाबाईला साक्षीला उभं केलं. तिने सगळं खरं सांगितलं. हवालदारांनी लिहिलं, की साक्षीदाराच्या अंगाला वास येत असल्यामुळे साक्ष ग्राह्य धरता येत नाही. पंचनामा पूर्ण झाला. दिवा उत्तम लागत होता, मागच्या चालकाने तो पाहिला नाही. मागचे चालक ते स्वतःच असल्यामुळे त्यांनी स्वतःला कडक समज दिली आणि ती ऐकून मान खाली घातली.

लखूजी घरी आला. आपण दोनदा खरं बोललो आणि दोन्ही वेळा खोटे ठरलो, हे त्याने पारूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"उद्या ब्रेकचंही पान घेऊन या," ती म्हणाली. "तेही लागत नाहीत नीट."

तात्पर्य : बल्ब कधीही जातो, दाखला जात नाही. म्हणून मुलांनो, अवघड जागी हात घालण्याआधी शिक्का कुठे मिळतो ते विचारावे.