गोल चेहऱ्याचं कीर्तन

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या. खांबाआडून गोष्ट ऐकू येते, पण पोचत नाही. आज देवादिकांची नाही, फणसवाडीतल्या ललिताताईंची गोष्ट आहे. पण घडली ती रामरायाच्या समोरच, तेव्हा हसलात तरी पुण्यच पदरात पडेल, याबद्दल निश्चिंत असा.

तर शुक्रवारी दुपारी ललिताताई स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खुर्चीवर, आरोपीसारख्या बसल्या होत्या आणि त्यांची माटुंग्याची भाची मनवा त्यांच्या गळ्याशी एकामागून एक ओढण्या लावून बघत होती.

"झालं का गं?"

"हलू नको ना आत्या! कातडीचा अंडरटोन चेक करतेय. बघ, पोपटी लावला की तू एकदम आजारी दिसतेस."

"पोपटी नऊवारी नेसून मी जन्मभर देवळात टाळ वाजवलेत. अजून कुणी मला दवाखान्यात नेलं नाही."

"तेव्हा लाइव्ह नव्हतं. आज देवळातले हेरंबकाका तुझं कीर्तन फेसबुकवर टाकणारेत. लोक आधी बघतात, मग ऐकतात."

ललिताताईंनी सुस्कारा सोडला. एरवी त्यांनी मनवाला ओढण्यांसकट जिन्यापर्यंत पोचवलं असतं. पण आजचा दिवस वेगळा होता. वाडीजवळच्या राममंदिरात शुक्रवारचं कीर्तन म्हणजे आनंदीबाईंचं, हे कित्येक वर्षं ठरलेलं. आता बाईंचा आवाज चिरकायला लागला होता. त्यांनी ललिताताईंना बोलावून सांगितलं होतं, "या शुक्रवारी तू उभी राहा. मी समोर बसून ऐकते. मग गादी कुणाला द्यायची ते ठरवते." विमा कंपनीच्या फायलींवर मान मोडत, संध्याकाळी बाईंच्या पायाशी बसून ललिताताई कीर्तन शिकल्या होत्या. आयुष्यात दुसरं काही मागितलंच नव्हतं त्यांनी. त्यामुळे आज कुठेच काही कमी पडायला नको, या धास्तीने त्या मनवाच्या तावडीत सापडल्या होत्या. शिवाय मनवाने दादरला नुकताच दिसण्याबिसण्याचा कसलासा कोर्स केला होता आणि तिला सरावाला माणूस हवंच होतं.

"तुझा फेस राउंड आहे," मनवा म्हणाली. "जबड्याच्या बाजूला डार्क शेड दिली की लांबट दिसेल. आणि तुझी बॉडी ॲपल शेप."

"मी काय फळांची गाडी आहे?"

"म्हणून उभ्या रेघांची, वाइन कलरची साडी. आणि आतून हे."

मनवाने पिशवीतून एक कातडीच्या रंगाची, जाड, चिमुकली वस्तू काढली.

"ही कुणाच्या बाळाची?"

"टमी टकर आहे आत्या. पोट आत जातं."

"आत जाऊन राहणार कुठे ते?"

त्याचं उत्तर कोर्समध्ये दिलेलं नसावं. मनवाने खेचलं, ललिताताईंनी खेचलं, शेवटी कपाटाला पाठ टेकून दोघींनी मिळून खेचलं. पोट गेलं. जाताना श्वासही घेऊन गेलं.

"अहो," ललिताताई अर्ध्या आवाजात बाहेरच्या खोलीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तरी काही बोला!"

बाहेर अवधूतराव, म्हणजे त्यांचे यजमान आणि कीर्तनातले पेटीवाले, पेटीवरची धूळ पुसत होते. "छान दिसतेस," ते न बघताच म्हणाले. संसाराचा अनुभव होता.

मनवाने गाल आणि डोळे रंगवून संपवले, तेवढ्यात खाली टॅक्सीवाला हॉर्न मारायला लागला. आरशासमोर पसरलेल्या पसाऱ्यातून झांजा, उपरणं, बुक्क्याची स्टीलची डबी असं सगळं ललिताताईंनी घाईघाईत पिशवीत कोंबलं आणि निघाल्या. त्या देवळाची रीत अशी, की बुक्का कीर्तन करणाऱ्याने घरून आणायचा आणि मध्यंतरात तो सगळ्या श्रोत्यांच्या कपाळी लागायचा.

देऊळ भरलं होतं. पुढेच खुर्चीत आनंदीबाई, हातात जपमाळ. शेजारी विश्वस्त हेरंबराव. लाइव्हसाठी त्यांनी एक मोठा हॅलोजन आणून थेट गादीवर रोखला होता.

ललिताताईंनी नमनाला सूर लावला. पहिला शब्द छान गेला. दुसरा टकरपर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्याला त्यांनी नुसतंच तोंड उघडलं. अवधूतरावांनी चमकून वर पाहिलं आणि पेटीवर तोच सूर पुढे ओढत नेला. लोकांना वाटलं, नवीन पद्धत असेल. नमस्काराला वाकताना तर त्या पाटासारख्या ताठ, जेमतेम अर्ध्यावर थांबल्या. देवालाही थोडं वर यावं लागलं असेल.

आणि हॅलोजनखाली ती जबड्याची डार्क शेड! पहिल्या रांगेतल्या दोन आज्यांची कुजबुज सुरू झाली.

"अगो, तिच्या गालांक काय झाला? काळानिळा दिसता."

"दाढ काढली असेल."

"दोनी बाजूंची?"

मग त्या दोघी आज्या सावकाश वळल्या आणि पेटीवर बसलेल्या अवधूतरावांकडे अशा काही बघायला लागल्या, की गरिबाचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं.

पूर्वरंग कसाबसा धापा टाकत संपला. हेरंबरावांनी ललिताताईंना हार घातला, डबी उघडली, हुंगली.

"वास गेलाय ललिताताई. जुना दिसतोय. हरकत नाही, जरा जास्त लावू."

ललिताताईंच्या कपाळी, मग आनंदीबाईंच्या, मग रांगेने सगळ्यांच्या. हात सढळ होता. थोड्या वेळाने हॅलोजन श्रोत्यांकडे वळवला तेव्हा अख्खं देऊळ लुकलुकायला लागलं.

"काकू, तुमचं कपाळ चमकतंय!"

"माझं सोड, तुझं बघ. काजवा बसल्यासारखं दिसतंय!"

लोकांनी रुमाल काढले. पुसल्यावर ते गेलं नाही, भुवयांपर्यंत पसरलं. मनवाने मोबाइलमधून हे पाहिलं, डबी पाहिली आणि धावत गादीशी आली.

"आत्या, लोचा झालाय. ती माझी डबी आहे! डोळ्यांवर लावायची काळी, चमकीची पावडर. बॉक्स फुटला म्हणून तुझ्याच एका डबीत ओतली होती."

"मग पुसेल ना?"

"वॉटरप्रूफ आहे."

"म्हणजे?"

"पार्टी करून, नाचून, झोपून उठलं तरी राहते. तेच तर लिहिलंय त्याच्यावर."

ललिताताईंनी आनंदीबाईंकडे पाहिलं. बाईंच्या कपाळाच्या प्रत्येक सुरकुतीत चांदणं भरलं होतं. त्यांच्या हातातली माळ भराभर फिरत होती. गेली गादी, ललिताताईंच्या मनात आलं. आणि आजवर कधी आला नव्हता असा संताप त्यांना आला.

"चल आत," त्या मनवाला म्हणाल्या.

मागच्या खोलीत नैवेद्याची भांडी घासायचा नळ होता. "आधी हे सोड."

"पण आत्या, लाइव्ह चालू आहे, पोट दिसेल."

"दिसू दे! त्याच्यात जेवण असतं आणि आवाजही तिथूनच येतो. ओढ!"

टकर निघाला तेव्हा असा काही आवाज झाला, की बाहेर मृदंगवाल्याने चुकून थाप दिली. ललिताताईंनी खसाखसा तोंड धुतलं. काळे गाल गेले, म्हणजे त्यांचे स्वतःचे परत आले. कपाळावरची चमक आणि डोळ्यांभोवती पसरलेलं काळं मात्र राहिलं. तशाच त्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. गोल चेहरा, सुटलेलं पोट. आणि सूर लावला तो थेट कळसाला जाऊन लागला.

आख्यान मथुरेतल्या त्या पाठीत वाकलेल्या बाईचं होतं, राजवाड्यासाठी उटी उगाळणारीचं. रोज दुसऱ्यांची अंगं सजवायची आणि आपण मान खाली घालून चालायची. रस्त्यात देव भेटला, म्हणाला, थोडी उटी मला दे.

"देवाने तिला विचारलं नाही हो," ललिताताई झांज थांबवून म्हणाल्या, "की बाई, तुझा शेप कुठला? तुझ्या रंगाला काय खुलतं? त्याने हनुवटीला बोट लावून तिचं तोंड फक्त वर केलं. जन्मात पहिल्यांदा तिने समोर पाहिलं, तर समोर तोच!"

देऊळ आधी खळखळून हसलं, मग चमचमत्या कपाळांखाली डोळे पाणावले. पहिल्या रांगेतल्या आज्या तर हुंदके द्यायला लागल्या.

आरती झाल्यावर ललिताताई बाईंच्या पायाशी बसल्या.

"पहिल्या भागात तू गात नव्हतीस, दम्याची पेशंट वाटत होतीस," आनंदीबाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"दुसऱ्यात गायलीस. पुढच्या शुक्रवारपासून गादी तुझी."

ललिताताईंनी पायांवर डोकं ठेवलं.

"बरं, ती मुलगी कुठंय? पावडरवाली."

"बाई, पोर आहे ती. तिच्या वतीने मी माफी—"

"बोलाव तिला."

मनवा अंग चोरत आली. आनंदीबाईंनी हेरंबराव ऐकत नाहीत ना ते पाहिलं, आणि तिला खाली वाकवून तिच्या कानाशी तोंड नेलं.

"हा हेरंब माझा फोटो काढून सभामंडपात लावणार म्हणतोय. कायमचा. माझा जबडा चौकोनी आहे गं. नवरीच्या वेशात आरशात पाहिलं तेव्हापासून मला सलतंय ते. त्याच्यावर काही करता येतं का?"

मनवाचे डोळे लकाकले. तिने बाईंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "येतं ना आजी! हलू नका हं."

ललिताताई "श्रीरामा!" म्हणत खांबाला टेकल्या.

आता उठायच्या आधी एक विनंती. ललिताताईंना लोक वाखाणतातच. तुम्ही अवधूतरावांची आठवण ठेवा. त्या दिवशी जिथे जिथे श्वास तुटला, तिथे तिथे सूर त्यांनी धरून ठेवला. आणि त्या काळ्यानिळ्या गालांपायी वाडीतल्या दोन आज्या अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. देवळात दिसले तर तुम्ही तरी हसून नमस्कार करा.