ही गाडी पिवळी आहे

“त्या पिवळ्या गाडीत मी बसणार नाही,” आई म्हणाली.

गाडी लाल होती. दारात उभी होती, धुतलेली होती, आणि तिच्या लालपणाबद्दल शंका घ्यायला कुठेच जागा नव्हती. डिकीवर मात्र पांढऱ्या अक्षरांत स्पष्ट लिहिलेलं होतं : ‘ही गाडी पिवळी आहे’.

ती अक्षरं बाबांनी लावलेली. बाबा, म्हणजे थोंगदी मास्तर, सोमवारी जन्मलेले. सोमवारचा रंग पिवळा, आणि लाल रंगाचं सोमवाराशी वैर. पण गावातल्या दंतवैद्याने बदली होऊन जाताना विकायला काढलेली लाल गाडी इतकी नीट वापरलेली होती, की बाबांचा जीव तिच्यावर जडला. मग थायलंडच्या या लांपांग गावात कुणीही शहाणा माणूस करतो तेच त्यांनी केलं. गाडी न रंगवता बाजारातून अक्षरं आणून चिकटवली. नशीब आधी वाचतं आणि नंतर बघतं, अशी इथे सगळ्यांची खात्री आहे. लिहिलेलं वाचून ते पुढे जातं.

बाबांच्या बाबतीत ते बरीच वर्षं वाचून पुढे जात राहिलं. गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले, तेही अंथरुणात, झोपेत. गाडीचा त्यात काही दोष नव्हता.

“आई, अगं इतकी वर्षं ह्याच गाडीतून फिरलीस की!” विफा म्हणाली.

“तेव्हा मालक ते होते. मालकाचा वार बघतात. बसणाऱ्याचा कोण बघतो?”

“आणि आता?”

“आता मालक मी. तूच नाही का गाडी माझ्या नावावर करून आणलीस, मोठ्या हौसेनं? मी मंगळवारची. मंगळवारला पिवळा चालत नाही.”

“पण गाडी लाल आहे! लाल चालतो ना तुला?”

“लाल चालतो. पण ही कुठे लाल आहे?” आईने डिकीकडे बोट दाखवलं. “वाचता येतं ना तुला? बँकॉकला जाऊन दुसरं काय करतेस?”

विफा बँकॉकला एका प्रकाशनगृहात मुद्रितं तपासायची. लोकांच्या चुकीच्या अक्षरांवर काट मारून तिने इतकी वर्षं पोट भरलं होतं, आणि आईच्या म्हणण्यात तिला एकही चूक सापडेना.

“पौर्णिमेला बाबांच्या गावच्या विहारात अन्नदान आहे. जायचं कसं मग?”

“भाड्याच्या गाडीनं जाऊ. आणि ही थाविलला देऊन टाक. कधीचा मागतोय.”

थाविल बाबांचा बुद्धिबळाचा जोडीदार. माणूस चांगला होता, पण तो गाडीतून बदकं नेई. गाडीची सीट अजून बाबांच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. विफाला ब्रेक दाबायला अर्धवट घसरून बसावं लागे, तरी तिने ती पुढे घेतली नव्हती. त्या सीटवर बदकं बसलेली तिला दिसली.

“आणि अक्षरं काढली तर?”

“काढलीस तर बसेन,” आई म्हणाली. “नाही निघाली तर संध्याकाळी थाविलला फोन करते.”

मग विफा डिकीपुढे उकिडवी बसली आणि तिने पहिल्या अक्षराखाली नख घातलं. उन्हाने प्लास्टिकचा पापड झालेला. खपली निघावी तसा तांदळाएवढा तुकडा निघाला आणि नखात जाऊन बसला.

समोरच्या गॅरेजातून खाम काका हात पुसत आले. गल्लीत कुणी उकिडवं बसलं की त्यांना यावंच लागे. “सरक बाजूला. माझ्याकडे पातं आहे. एका दमात खरवडून टाकतो.”

“काका, रंग निघेल!”

“मग थिनर आणतो.”

“त्यानं तर नक्की निघेल!”

“तुला अक्षरं काढायचीत की गाडीची पूजा करायचीय?” काका म्हणाले. त्यांना हत्यार न वापरता उभं राहायची सवय नव्हती.

एवढ्यात शेजारच्या पार्लरच्या दारातून मालाई मावशी ओरडल्या, “ए, थांबा! हात लावू नका कुणी! कातडी सोलाल तिची!”

मावशी आल्या त्या हातात केस वाळवायचं यंत्र घेऊनच. त्याची वायर पार्लरमधून फुटपाथवर आली, दोन कुंड्यांना वळसा घालून डिकीपर्यंत पोचली, आणि वायरच्या मागोमाग शाळेच्या मुख्याध्यापिका निताया बाई आल्या. त्यांच्या अर्ध्या डोक्यावर कुरळे करायच्या नळकांड्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्यातून पाणी टपकत होतं.

“मालाई, माझं डोकं?”

“डोकं कुठे पळतंय, बाई? बसा त्या स्टुलावर.” मावशींनी यंत्र सुरू केलं. “हे बघ पोरी, वीस वर्षं मी बायकांच्या पायांवरचं मेण काढतेय. नियम एकच. ऊब द्यायची, चटका नाही. आणि वर उपटायचं नाही, कातडीला धरून मागे ओढत न्यायचं. उपटलंस की बाई किंचाळते.”

“गाडी कुठे किंचाळणारेय?” काका म्हणाले.

“गाडीची मालकीण किंचाळेल. ती आत चटणी कुटतेय, ऐकताय ना?”

आतून खलबत्त्याचे ठोके येत होते. आज ते जरा मोठेच होते.

मावशींची विद्या खरी निघाली. अक्षर कोमट झालं की मऊ पडे, आणि विफा कोपरा धरून ते तिरकं मागे ओढत आणी. मधेच तुटलं की मावशी पुन्हा ऊब देत. अक्षरं गेली तिथे डिंकाचा पिवळट चिकटा राहिला. काकांनी पुन्हा एकदा थिनरचं नाव काढून पाहिलं. मावशींनी खोबरेल तेल आणलं, चिकट्यावर चोपडलं, मुरू दिलं, मऊ फडक्याने अलगद टिपलं आणि साबणाच्या पाण्याने डिकी धुऊन काढली.

“बघा!” मावशी म्हणाल्या. “एक ओरखडा नाही. बाळाचा गाल झालाय नुसता.”

विफाने शेवटचा हात फिरवला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. मग आणखी दोन पावलं.

ओरखडा खरंच नव्हता. पण इतक्या वर्षांच्या उन्हात सगळी गाडी विटून गेली होती आणि अक्षरांखालचा रंग तेवढा सावलीत होता. तो पहिल्या दिवसासारखाच लाल राहिला होता. फिक्या डिकीवर गडद, झळझळीत लाल अक्षरांत आता लिहिलेलं होतं : ‘ही गाडी पिवळी आहे’.

“आधी जवळ येऊन वाचावं लागायचं,” निताया बाई स्टुलावरून म्हणाल्या. “आता चष्म्याशिवाय दिसतंय मला.”

“म्हणजे निघालं नाही?” काकांनी विचारलं.

“निघालं,” विफा म्हणाली. “पण गेलं नाही.”

“मग ते आता गॅरेजचं काम!” काकांचा चेहरा खुलला. ते धावत जाऊन रंग घासायची पेस्ट आणि फडकं घेऊन आले. विफा मोबाइलवर वाचत होती की अशा वेळी नेमकं काय करावं. ती अर्ध्यावर पोचेपर्यंत काकांनी हात चालवायला सुरुवातही केली होती. सगळा तंटा ‘पिवळी’चा, म्हणून त्यांनी बरोब्बर ‘पिवळी’ धरली आणि तिच्यावर सगळा जोर लावला.

“काका! उजळ आहे ते काय घासताय? फिकं आहे ते घासायचं, आजूबाजूचं!”

“आजूबाजूचं म्हणजे अख्खी गाडी झाली!”

“हो! अख्खी गाडी!”

काकांनी फडकं उचललं. ‘पिवळी’ उरली नव्हती. तिच्या जागी शिळ्या कलिंगडासारखा एक गुलाबी, ढगाळ डाग होता. त्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द मात्र शाबूत होते. ‘ही गाडी’, मग डाग, मग ‘आहे’.

“ही गाडी आहे,” निताया बाईंनी वाचलं. “एवढं तर कुणीही मान्य करील.”

“वरून नवीन चिकटवू या,” मावशी म्हणाल्या. “‘ही गाडी लाल आहे’ असं.”

“लाल गाडीवर?” बाई म्हणाल्या. “खरं लिहिलेलं दिसलं की लोकांना वाटतं, इथे काहीतरी लपवलंय. पोलीससुद्धा थांबवतील.”

आतले ठोके थांबले होते. आई कमरेच्या पंच्याला हात पुसत दारात आली. काकांनी फडकं पाठीमागे धरलं.

“झालं?” आईने विचारलं.

“झालं,” विफा म्हणाली. “म्हणजे, सगळं नाही. पण पिवळी गेली आई. आता नुसतं ‘ही गाडी आहे’ राहिलंय. त्याचं तर कुठल्याच वाराशी वैर नाही. बसशील ना?”

आई डिकीजवळ आली आणि ‘गाडी’वरून बोट फिरवू लागली. अक्षराच्या काठावर तिचं बोट थांबलं, पण तिथे काठ नव्हता. सगळं सपाट होतं. नुसता रंग.

“हा मधला शब्द कुणी पुसला?”

काकांनी आभाळाकडे पाहिलं.

“तूच म्हणालीस ना, काढा म्हणून,” विफा म्हणाली.

“चिकटवलेलं काढा म्हटलं होतं. हे कुठे चिकटवलेलं आहे?” आईने तळहात डिकीवर ठेवला. “त्या दिवशी मला भर उन्हात दोरी धरून उभं केलं होतं. रेघ सरळ यायला हवी ना मास्तरांची! मी म्हणत होते, जेवून घ्या, मग लावा. तर म्हणे, एक अक्षर राहिलंय.” ती एकदम हसली. “हा माणूस एकदा एका जागी बसला की त्याला उठवणं मला कधी जमलंच नाही. आणि तुम्ही निघालात तेल लावून काढायला!”

मावशींनी हातातलं यंत्र बंद केलं. ते मघापासून कुणाच्याच कामाचं नसताना गरम वारा सोडत होतं.

“मग आता?” विफाने हळूच विचारलं. “थाविल काका?”

“त्याच्या बदकांना दुसरी गाडी मिळेल.” आईने नाक ओढलं. “हे असंच राहू दे. पुसायचं नाही आणखी. पण त्यांनी पिवळी म्हटलं ती पिवळीच, मग मला मालकीण राहता येत नाही. विफा, तुझ्या नावावर कर ही.”

“विफा कुठल्या वारची?” निताया बाईंनी विचारलं.

“सोमवारची. बापासारखी.”

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं, मग गुलाबी डागाकडे.

“म्हणजे पोरगी सोमवारची,” बाई बोटं मोजत म्हणाल्या, “शब्द पुसलेला, गाडी आता नुसतीच लाल, आणि पौर्णिमेला घाट चढायचा.”

“मी असलं काही मानत नाही,” विफा म्हणाली.

“उत्तमच,” मावशी म्हणाल्या. “तर मग काळजीच मिटली.”

“घाटात ते तिसरं वळण आहे ना,” काका म्हणाले, “तिथे परवाच एक लाल—”

“काका, मी मानत नाही म्हटलं ना!”

“मी कुठे काय म्हणालो? टेम्पो होता तो.”

विफा खरंच मानत नव्हती. पण मधला शब्द गाळलेलं एक वाक्य समोर होतं, आणि असं वाक्य तसंच पुढे जाऊ देणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं. एवढंच कारण होतं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि गाडी नावावर झाल्यावर, पौर्णिमेच्या सकाळी, विहाराकडे जायच्या आधी ती बाजारातल्या अक्षरांच्या दुकानापुढे थांबली. आई पुढच्या सीटवर चटणीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि काचेत बघून केस सारखे करत होती.

“नुसतं ‘पिवळी’ मिळेल?” विफाने विचारलं.

“सुटा शब्द नाही, ताई. पूर्ण वाक्य घ्यावं लागेल.”

“द्या. मी कापून घेईन.”

दुकानदाराने खण ओढला. “अक्षरं कुठल्या रंगात देऊ? उठून दिसायला हवीत. गाडी कुठली आहे?”

विफाने काचेतून बाहेर पाहिलं.

“पिवळी,” ती म्हणाली.

दुकानदाराने तिच्या नजरेच्या रोखाने बाहेर उभ्या गाडीकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली.

“मग पांढरी घ्या,” तो म्हणाला. “तुमच्या पिवळ्यावर छान उठतील.”