मूळ नक्षत्राच्या दिशेचा जादा उजेड

प्रभामावशीसमोर कुणावर आळ घेता येत नाही. दूध पातळ आलं की आमची आई म्हणते, "भैयानं पाणी घातलंय." लगेच कुंपणापलीकडून मावशीचा आवाज येतो, "किंवा म्हैस बदलली असेल. दोन्ही मॉडेलं उभी आहेत. फैसला व्हायचाय." एकदा तिच्याच ओट्यावर मांजर मिशांना साय लावून बसलं होतं. मावशीनं त्यालाही निर्दोष सोडलं. पुरावा अपुरा, म्हणाली.

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत आमच्या शेजारी ती एकटी राहते. मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झाली. लग्न केलं नाही. तिचा सगळा जीव आकाशगंगेच्या मध्यावर. तिथून म्हणे गॅमा किरण येतात, आणि हिशेबात बसतात त्यापेक्षा जास्त येतात. हे जादा किरण कुठले, ते कुणालाच माहीत नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात, तिथे न दिसणारं द्रव्य आहे, डार्क मॅटर. त्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होतात आणि हे किरण निघतात. बाकीचे म्हणतात, छे, ते मेलेले म्हातारे तारे आहेत, हजारोंनी, गरागरा फिरणारे. मला हे पाठ आहे. आमच्या गॅस सिलिंडरवाल्यालाही आहे. तो डार्क मॅटरच्या पार्टीत आहे.

"आणि तुझं मत काय, मावशी?" मी एकदा गच्चीवर तिला विचारलं.

तिनं शहराच्या लश्कर भागाकडे बोट दाखवलं. "तो नया बाज़ारचा उजेड ना? इथून सांग, एकच मोठा दिवा आहे की हजार छोटे बल्ब?"

"नाही सांगता येत."

"मग? घाई कसली?"

मला मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहा घ्यायला गेलो होतो, तेवढ्यात आईनं शिंदे की छावनीतल्या गुरुजींना जन्मवेळ कळवली. मी वर आलो तर आई दारात आडवी. "आत जाऊ नकोस. मूळ नक्षत्र आहे, पहिला चरण. बापावर असतो. नक्षत्राची शांत होईपर्यंत तोंड बघायचं नाही."

म्हणजे जवळजवळ महिनाभर. फोटो चालेल का, असं मी गुरुजींना फोनवर विचारलं. ते म्हणाले, शास्त्रात व्हॉट्सॲपचा उल्लेख नाही, तेव्हा टाळलेलंच बरं. आईनं माझ्या बायकोला, श्वेताला, फोटो पाठवायची बंदी केली. श्वेता फोनवर रडत म्हणाली, "ये क्या तमाशा है, मिलिंद? तू काही बोलत का नाहीस?"

मी बोललो नाही. माझे वडील लवकर गेले. आईच्या डोळ्यांत खरी भीती होती, आणि ती मला बघवेना.

मावशीला मात्र बातमी ऐकून आनंद झाला. "मूळ? अगं, आकाशगंगेचा मध्य त्याच बाजूला आहे!"

"प्रभा," आई म्हणाली, "माझ्या मुलाच्या जिवावरचं आहे. तुझे ते गॅमा यात आणू नकोस."

श्वेता बाळाला घेऊन घरी आली तशी माझी रवानगी मावशीकडे झाली. तिच्या बाहेरच्या खोलीत माझी खाट. भिंतीपलीकडून रडणं ऐकू यायचं. मी उठून बसायचो. "भूक लागली असेल का गं?" मी विचारायचो. "किंवा पोट दुखत असेल," मावशी म्हणायची. "फैसला व्हायचाय." दोघं कान देऊन बसायचो.

एका संध्याकाळी रडणं थांबेचना. मावशी वरण ढवळत होती. मी आपला म्हणालो, "जाऊ दे, थोड्या दिवसांचा तर सवाल आहे. बाळाला काय कळतंय?"

तिनं गॅस बंद केला.

"मीपण मूळ नक्षत्रातलीच," ती म्हणाली. "बाबांनीही माझं तोंड पाहिलं नाही. मग नक्षत्रशांत झाली, तेलात माझं प्रतिबिंब पाहिलं, सगळं रीतसर. पण त्यांना ती सवयच लागून गेली. माझ्याशी बोलायचे ते पेपरकडे बघून. रागावले नाहीत कधी. फी भरली, सायकल घेऊन दिली. बघायचे नाहीत, बस."

"भीती वाटायची त्यांना? की स्वभावच तसा होता?"

"मी विचारलं नाही," मावशी म्हणाली. "उत्तर काय येईल, कुणास ठाऊक."

मी चपला न घालताच निघालो. आईनं दारात "मिलिंद!" म्हणून हाक मारली, दंड धरला. मी तो हळूच सोडवला आणि आत गेलो. श्वेतानं दुपट्याचं टोक बाजूला केलं. रडून लाल झालेलं, मुठीएवढं तोंड. मी बघतच बसलो.

आई दाराशी उभी राहून रडत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "काय सांगितलं प्रभानं तुला?"

मी सांगितलं. इतक्या वर्षांच्या शेजारात तिलाही हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाळाला दुपट्यात गुंडाळून स्वतः पलीकडे गेली. मी मागोमाग. मावशी वाटाणे सोलत होती. आईनं परात बाजूला सारली आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"घे," आई म्हणाली. "तुझ्याच नक्षत्राची आहे."

बाळाची नजर अजून ठरत नव्हती. खिडकीकडे जाई, पंख्याकडे जाई, भिंतीवर घसरे. मावशी मान वाकवून, कधी इकडे, कधी तिकडे, ती जिथे जाईल तिथे आपला चेहरा नेत राहिली.