शेषेरावांचा पोपटवाला जोकर

मी एकदा एका जोकराच्या नाकातून दाभण आरपार घातलं होतं. जोकर पत्त्यांतला होता, जुना होता, कुठं मिळत नाही असा होता आणि माझा नव्हता. दाभणामागून पांढरा दोरा ओढून घेतला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, "झालं! आता हलतंय का बघा." तेव्हा मी साठीला टेकले होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. मुलींच्या शाळेत जन्मभर शिवण शिकवून नुकतीच रिटायर झाले होते आणि जगातली कुठलीही अडचण दोन टाके घातले की सुटते, अशी माझी पक्की समजूत होती.

जोकर शेजारच्या शेषेरावांचा. हा माणूस दुकानातून पत्त्यांचा कोरा कॅट विकत आणायचा, त्यातले जोकर तेवढे काढून घ्यायचा आणि उरलेले बावन्न पत्ते येईल त्याला फुकट वाटून टाकायचा. एक्का नको, राजा नको, राणी तर नकोच नको. जोकर मात्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकाला वेगळी प्लॅस्टिकची पिशवी, आत डांबरगोळी.

"जोकरच कावून?" असं मी त्यांना एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"बाई, बाकी समद्यांला आपापली रांग हाय," ते म्हणाले. "राजाला हाय, गुलामाला हाय, दुर्रीलाबी हाय. ह्यो एकटाच बिगर रांगेचा. कुणी घेतला तर डावात, न्हाई तर डब्यात."

रांगा हा शेषेरावांचा जन्माचा विषय. केजच्या बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. नोकरी संपली, पुकारणं संपलं नाही. सकाळी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "दूधवाला फलाट क्रमांक एकवर येत आहे, भांडी घेऊन तयार राहावे!" आठ दिवसांनी नळाला पाणी आलं की, "नळाची गाडी आलेली आहे. थांबा कमी आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी!" पहिल्या पहिल्यांदा मी चिडायचे. मग लक्षात आलं की ह्यांच्यामुळं माझा हंडा कधी रिकामा राहत नाही, आणि चिडणं बंद केलं.

घरात ते एकटे. त्यांच्या मंडळी, कुसुमताई, नातवाला सांभाळायला दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेल्या होत्या. नातवाचं रांगणं झालं, चालणं झालं, बालवाडी झाली. मी विचारलं की शेषेराव म्हणायचे, "त्यांची गाडी अजून डेपोतून निघाली न्हाई." पुढं कुणी विचारायचं नाही, एवढं त्या आवाजावरून कळायचं.

स्टँडमागच्या लिंबाखाली रमीचा अड्डा बसतो. तिथल्या लोकांना शेषेरावांकडून फुकटचे कॅट मिळत. पण जोकर नसलेले. ते बिचारे औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर पेनानं 'जोकर' लिहीत. एकदा त्यांच्यातला एक जण वैतागून ओरडला, "ओ कंट्रोलर! कॅटात एखादा तरी जोकर ठेवत जावा की!"

शेषेराव सायकल न थांबवता म्हणाले, "कशाला? तुमी बसलाव की येवढे ओळीनं!"

तर असे जोकर जमवणारे लोक जगभर आहेत, आणि मोबाइलवर त्यांचा एक अड्डा आहे, हे शेषेरावांनीच शोधून काढलं. तिथं त्यांना मारेक भेटला. मारेक युरोपातल्या कुठल्यातरी थंड देशातला. देशाचं नाव शेषेराव नीट सांगत, मला ते कधी म्हणता आलं नाही. शेषेराव फोन तोंडापाशी धरून मराठीत पुकारत, फोन त्याचं मारेकच्या भाषेत करून धाडी. मारेकचं उत्तर असंच मराठी होऊन येई. पण ते असं, की जणू एखादे शास्त्रीबुवा सोवळ्यात बसून बोलताहेत. "आदरणीय महोदय, आपला विदूषक सुखरूप पोहोचला. त्याच्या टोपीने मला हर्ष झाला."

शेषेरावांचे जोकर साध्या पाकिटातून जात. पाकिटावर पत्ता लिहिण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. वर मारेकचं नाव-गाव, त्याखाली ठळक अक्षरांत 'मार्गे मुंबई', आणि कोपऱ्यात 'जलद'. जलद कधी काही गेलं नाही. एक जोकर उन्हाळ्यात निघाला तो दिवाळीत पोचला. एक वाटेत कुठं उतरला देव जाणे, पोचलाच नाही. मारेककडून आलेल्या एकाच्या तोंडावर बरोबर शिक्का बसला होता, दोन्ही डोळे गेले होते. शेषेरावांनी तोही डब्यात ठेवला. "आंधळा झाला म्हणून काय तिकीट फाडायचं व्हय त्याचं?"

मग आला पोपटवाला जोकर. आष्टीच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात शेषेरावांना एक फाटका कॅट मिळाला. त्यात मनगटावर पोपट बसवलेला जोकर, रंगीत, आणि तोही दोनदा. ते पत्ते बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. ह्या जोकराचा जोडीदार काळ्या रंगात असतो, तो मात्र कॅटातून गायब. शेषेरावांनी फोटो धाडला आणि दुसऱ्याच दिवशी मारेकचं उत्तर. त्याच्याकडे काळे दोन होते, रंगीत एकही नव्हता! केजचा माणूस आणि बर्फातला माणूस, दोघांकडे एकाच जोडीचे अर्धे अर्धे. शेषेराव त्या दिवशी भिंतीपलीकडून नुसतेच "बाई! बाई!" करत होते, पुकारायचंसुद्धा विसरले.

मारेकच्या निरोपात आणखीही काही होतं. ते शेषेरावांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "मी वृद्ध झालो आहे. मुलीच्या घराजवळ लहान खोली घेतली आहे. संग्रह आवरतो आहे. आपला रंगीत विदूषक आला की मी माझा काळा पाठवीन. ही माझी शेवटची अदलाबदल असेल."

"फलाट बंद करायलाय माणूस," शेषेराव म्हणाले. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. माझं लक्ष पाकिटाकडे होतं.

"हे असं पाकिटातून पाठवणार?" मी म्हणाले. "आंधळा झाला, हरवला, आता ह्याचा पाय मोडून पोचवायचाय का? चांगलं कापडात शिवून पार्सल करा. रजिस्टर करा. आणा इकडं."

शेषेरावांनी साडीच्या खोक्याचे दोन पुठ्ठे कापले, मधे जोकर ठेवला, खाकी कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला. मी मांजरपाटाची पिशवी शिवली, आत ते ठेवलं, तोंड बंद केलं. पण पिशवी जरा सैल झाली. आतलं हलत होतं. माझ्यासारख्या बाईच्या हातचं काम, आणि आत हलतंय? मग वाकळीला घालतो तसे मी मधूनही टाके घातले. दाभण एका जागी अडलं. शिवणाच्या बाईपुढं दाभण अडतं म्हणजे काय! मी बोटाला चिंधी गुंडाळली आणि जोर लावला.

शेषेरावांनी पार्सल कानाशी धरून हलवून पाहिलं. "आवाज न्हाई, खडखड न्हाई. बाई, एक नंबर!" मग लाखेचे ठिपके दिले आणि आम्ही पोस्टात गेलो.

खिडकीतली बाई तरुण आणि सोशिक होती. "काका, आत काय आहे?"

"जोकर."

"म्हणजे खेळणं लिहू?"

"खेळणं न्हाई. पत्त्यातला जोकर."

"म्हणजे पत्ते. कॅट आहे का?"

"एकच हाय."

"एकच कॅट?"

"एकच जोकर."

तिनं पार्सलाकडे पाहिलं. ते शिवून, लाख लावून छोट्या उशीएवढं झालं होतं. मग तिनं शेषेरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं. किंमत काय लिहायची?"

"अमूल्य," शेषेराव म्हणाले.

"तिथं आकडा लागतो, काका."

मागं रांग वाढायला लागली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना रांगेत उभं केलेला माणूस गांगरला. मग मी पुढं झाले. फॉर्म ओढून घेतला, आकडा टाकला आणि आत काय आहे त्या चौकटीत फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'प्लेइंग कार्ड्स'. खालून एक रेघही मारली, कुणाला दिसलं नाही असं व्हायला नको म्हणून.

पार्सल गेलं, आणि वाट पाहणं सुरू झालं.

आधी शेषेराव आणि मारेक कामापुरते बोलत. जोकर निघाला, जोकर पोचला, संपलं. आता मारेक एक दिवसाआड विचारू लागला, "विदूषक आला नाही. आपल्याला काही वार्ता?" शेषेराव कळवत, "गाडी अजून वाटेत हाय." पण फोन उघडलाच आहे तर माणूस एवढ्यावर थोडाच थांबतो? मारेककडे बर्फ पडलं. मारेकचा गुडघा दुखला. मारेकनं बिटाचं सूप केलं. शेषेरावांनी धपाटे केले, आणि धपाटे म्हणजे काय हे त्याला सांगता सांगता घामाघूम झाले. संध्याकाळी भिंतीवरून मला बातमी मिळायची, "बाई, मारेककडं पाणी गोठलं. आपल्याकडं येत न्हाई, त्याच्याकडं आलंय ते हालत न्हाई!" एकदा त्यांनी जेवणाचं ताट कॅमेऱ्यापुढं धरलेलं मी पाहिलं. भाकरी, पिठलं, कांदा. ताट धरून हा माणूस पाच मिनिटं उभा, कारण पलीकडं मारेक चष्मा शोधत होता.

मला मात्र ह्या दिरंगाईचा संताप येत होता. मी शिवलेलं पार्सल आणि पोचत नाही! दर बाजाराच्या दिवशी मी पोस्टात जाऊन त्या सोशिक बाईला छळायचे. ती कॉम्प्युटरवर बघून सांगायची, "देशाबाहेर गेलंय, आजी. तिकडच्या तपासणीत आहे." शेषेरावांना म्हणाले, "तक्रार करा. अर्ज मी लिहून देते."

"बघू की," ते म्हणाले. "गाडी लेट हाय, रद्द न्हाई."

असा थंड माणूस मी पाहिला नव्हता. मारेककडचं बर्फ फोनमधून इकडं पोचलं की काय, असं वाटलं.

उन्हाळ्याची उन्हं चढायला लागली तेव्हा पोस्टमननं पार्सल आणलं. तेच. लाख फुटलेली, कापड मळलेलं, आणि वर एक चिठ्ठी चिकटवलेली. शेषेरावांनी तिच्यावर फोन धरला. फोननं शास्त्रीबुवांच्या आवाजात सांगितलं, "खेळण्याचे पत्ते टपालाने स्वीकारले जात नाहीत. प्रेषकास परत."

आपल्या टपोऱ्या अक्षरांची मला त्या क्षणी आठवण झाली. मी उठले. कात्री आणून दिली.

शेषेरावांनी टाके उसवले, पुठ्ठा उघडला. जोकर बाहेर आला. पोपट धड होता. जोकराच्या नाकाच्या जागी मात्र एक गोल भोक, आणि पोटात आणखी दोन.

"बाई," शेषेराव म्हणाले, "ह्ये मधून कावून शिवलंत?"

"हलू नये म्हणून."

त्यांनी जोकर उजेडाकडे धरला. नाकातून उन्हाचा ठिपका त्यांच्या गालावर पडला. "हालला न्हाई, ह्ये खरंच हाय," ते म्हणाले आणि हसायला लागले. मग त्यांनी फोटो काढून मारेकला धाडला. तासाभरात उत्तर. "अरेरे! त्याला फार दुखले काय? आणि आज आपण काय जेवलात?"

मी तोवर सावरले होते. चूक झाली की ती लगेच दुरुस्त करायची, हा माझा शाळेतला शिरस्ता. "शेषेराव, तुमच्याकडे दुसरा आहे ना रंगीत? भोक नसलेला? काळजी सोडा. माझ्या बहिणीचा जावई त्याच देशात कामाला आहे. पुढच्या आठवड्यात सुट्टी संपवून परत चाललाय. त्याच्या बॅगेत देऊ. ना पोस्ट, ना फॉर्म. तो मारेकच्या हातात नेऊन देईल आणि काळा घेऊन येईल. एका फेरीत काम होतं."

शेषेरावांनी जोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, डांबरगोळी टाकली, डब्याचं झाकण दाबून बसवलं. मला वाटलं, नाकाचा राग आता येतोय. म्हणून मी पुन्हा म्हणाले, "अहो, आठ दिवसांत पोचेल! विचारू का जावयाला?"

तेव्हा ते जे बोलले ते पुकारायच्या आवाजात नव्हतं. इतक्या हळू बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून शब्द अन् शब्द लक्षात राहिला.

"नगा, बाई. पोचला की त्यो त्याचा काळा धाडील, आन् सपलं. मग कोन्त्या कामानं इचारायचं आमी एकामेकाला, जेवलास का म्हनून?"