घंटेमागची वरात

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांनाच फार घाई होती. कसली ते विचारू नका. त्यांनाही विचारलेलं आवडत नसे.

त्या जंगलात आजाऱ्यांसाठी मात्र चांगली सोय होती. मधल्या वडावर वेणूबाई साळुंकी बसायची. कुणाला काही झालं, की तो जवळच्या पोपटाला सांगायचा, तो पुढच्या पोपटाला, आणि निरोप वडापर्यंत पोचायचा. पोपट प्रामाणिक होते. रडणंसुद्धा जसंच्या तसं आणत.

मग वेणूबाई भागूअक्का नीलगायीला धाडायची. भागूअक्काच्या पाठीवर झोळी आणि गळ्यात घंटा. घंटा वाजली की सगळ्यांनी बाजूला व्हायचं, असा सिंहमहाराजांचा हुकूम होता.

आजारी प्राणी अस्वलवैद्यांच्या गुहेत पोचला, की वेणूबाईचं काम संपलं. पुढे तो बरा झाला की नाही, हे तिला कधीच कुणी कळवत नसे. बरी झालेली मंडळी कामात असतात. वेणूबाईला याचं मनापासून वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

एका सकाळी पोपट किंचाळला, "अगं बाई, माझं लेकरू! घशात बोर अडकलंय गं!"

हा पारू खारीचा आवाज होता.

"कुठे आहेस तू?" वेणूबाईने विचारलं.

"घरी!"

"घर कुठे?"

"कुठे म्हणजे? आमच्या नेहमीच्या झाडावर!"

वेणूबाई चिडली नाही. हे उत्तर रोजचंच होतं. "झाडाशेजारी काय आहे, ते सांग."

"करवंदाच्या जाळ्या. मधून बारीकशी वाट."

भागूअक्का सुटली. इकडे वेणूबाई म्हणाली, "पारू, आता रडू नकोस. लेकराला पालथं धर, डोकं खाली. पाठीत थापट्या मार. जोरात. लागेल म्हणून भिऊ नकोस."

थोड्या वेळाने उत्तर आलं, "बोर पडलं! पण डोळे उघडत नाही गं तो!"

"श्वास?"

"आहे. बारीकसा."

"मग भागूअक्का आलीच समज."

आणि ती आलीही. वाटेत सगळे शहाण्यासारखे बाजूला झाले होते. पण झालं काय, की घंटा पुढे गेल्यावर तिच्या मागची वाट छान मोकळी दिसली. रानडुकरं सहकुटुंब साखरपुड्याला निघाली होती, ती मागे लागली. त्यांच्या मागे कोल्हा, कोल्ह्याच्या मागे हरणं. शेवटी तरस होता. त्याला कुठेच जायचं नव्हतं, पण सगळे निघालेत म्हटल्यावर थांबणं त्याला बरं वाटेना.

भागूअक्काने लेकराला झोळीत घेतलं, पारूला पाठीवर बसवलं आणि वळून बघते तर काय! बारीक वाट तोंडापर्यंत भरलेली.

"अहो, सरका!" ती ओरडली.

"आम्ही मघाशीच वाट दिली ना?" डुक्कर दुखावून म्हणाला. "एका दिवसात किती वेळा द्यायची?"

पोपटांनी हे वडावर नेलं. लेकराचा श्वासही ऐकवला. तो आणखी बारीक झाला होता.

कामावर वेणूबाई आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "ओढ्यावर हत्ती चिखलात रुतलाय. बघायला ही गर्दी!"

क्षणात वाट रिकामी झाली. तरस सगळ्यांत पुढे होता.

ओढ्यावर हत्ती नव्हता. सगळे भयंकर संतापले आणि थेट दरबारात गेले. खोटी बातमी पसरवल्याबद्दल सिंहमहाराजांनी वेणूबाईला चारचौघांत खडसावलं. घंटेला तत्परतेने वाट दिल्याबद्दल डुकरांना शाल आणि नारळ दिला. तरसाने आभार मानले.

वेणूबाई मान खाली घालून वडावर परतली. फांदीवर पोपट तिचीच वाट बघत होता.

"पारूकडून निरोप आहे," तो म्हणाला, आणि त्याने भोकाड पसरलं. खणखणीत, भुकेलं, हट्टी भोकाड. मध्येच तो ओरडला, "मला बोर पाहिजे!"

वेणूबाईला इतका आनंद झाला, की तिचे डोळेच भरून आले. दरबार बिरबार ती पार विसरली.

"पुन्हा एकदा ऐकव," ती म्हणाली.

तात्पर्य : घंटा ऐकू आली की ताबडतोब बाजूला व्हावं. पुढेच राहिलात, तर तिच्या मागे कसे लागणार?